वाघवाड्यावरची चाकरी

ज्या वाघिणीनं नवरा मारला, तिलाच रोज मांस कापून घालायचं, अशी चाकरी बिजलीबाईच्या वाट्याला आली होती. मोहपाड्यातल्या बायका सुरुवातीला तिला जाताना बघून तोंडाला पदर लावायच्या. मग त्यांनाही सवय झाली. 'बिजली कुठं गेली?' असं कुणी विचारलं, तर 'वाघिणीला जेवू घालायला' असं त्या सहज सांगायच्या. जणू बिजली शेजारच्या आजारी म्हातारीला भाकर द्यायला गेली आहे.

मोहपाडा ही चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायाशी टेकलेली पावरा आदिवासींची वस्ती. वर जंगल, खाली सावखेड्याचे केळीचे मळे. मधल्या मुरमाड पट्ट्यात पावऱ्यांची शेतं. पाऊस झाला तर ज्वारी आणि मका, नाही तर नुसतीच नांगरट. उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूची पानं, आणि उरलेल्या दिवसांत खालच्या मळ्यांत मजुरी. बिजलीबाईचा नवरा भुरा तोताराम आबांच्या मळ्यात जायचा. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढायची, पाणी भरायचं, घड कापून ट्रकमध्ये चढवायचे. आबांना त्याचं काम पसंत होतं, कारण तो कमी बोलायचा आणि सांगितलेलं विसरायचा नाही.

त्या साली, म्हणजे एकोणनव्वदच्या आसपास, रानडुकरांनी सावखेड्यात उच्छाद मांडला होता. अंधार पडला की कळप नाल्यातून खाली उतरायचा, केळीचे कंद उकरून काढायचा आणि सकाळी बघावं तर उभी बाग आडवी झालेली असायची. आबांनी राखणदार ठेवले, फटाके वाजवले, जुनी लुगडी बांधून पाहिली. शेवटी एक दिवस मोटारसायकलींच्या क्लचच्या जुन्या तारांचं भेंडोळं त्यांनी भुरासमोर टाकलं.

"भुरा, नालाना काठले लाई दे. डुक्कर पडनं तर तुना. मले फक्त मनी केळी पाहिजे."

भुरानं तारांचे फास लावले. दोन-तीन डुकरं पडलीही. मोहपाड्यात वाटे पडले, आबांची केळी वाचली, कुणाचं काही बिघडलं नाही.

फाल्गुन संपत आला होता. त्या सकाळी बिजलीबाई टेकाडावर मोहफुलं वेचत होती आणि भुरा कुऱ्हाड घेऊन नाल्याकडं गेला होता. घाणेरीच्या जाळीत काहीतरी धडपडतंय एवढं तिला वरून दिसलं. डुक्कर पडलं असावं, असं तिलाही वाटलं आणि त्यालाही. भुरा जाळीत वाकला. त्यानंतर जो आवाज झाला तो वाघिणीचा होता. भुराचा आवाज बिजलीबाईला ऐकूच आला नाही, आणि पुढची कित्येक वर्षं तिला याचंच राहून राहून नवल वाटत आलं. इतका मोठा माणूस, आणि 'बिजली' एवढीसुद्धा हाक नाही.

वाघीण तिथंच अडकून होती. पुढच्या उजव्या पंजात तार हाडापर्यंत रुतली होती आणि तारेचा खुंटा अर्धा उपटून निघाला होता. भुरा तिच्या टप्प्यात गेला एवढंच. मोहपाडा आणि सावखेडा दोन्ही गोळा झाले. हातात कुऱ्हाडी, दगड, भाले. बिजलीबाईनंही एक धोंडा उचलला होता. पण तोवर जंगल खात्याची जीप आली, शिपायांनी कडं केलं आणि कुणाला पुढं जाऊ दिलं नाही. गुंगीचं औषध मारणारी माणसं बाहेरून यायला दुपार उलटली. तेवढा वेळ भुरा त्या जाळीपाशीच पडून होता. वाघीण जिवंत होती म्हणून तिच्याजवळून त्याला काढता येत नव्हतं.

वाघिणीला पिंजऱ्यातून नेलं. धुळ्याहून डॉक्टर आले आणि सडलेला पंजा मनगटापासून कापून टाकला. भुराला बैलगाडीतून चोपड्याला नेलं, चिरफाड झाली, आणि पंचनाम्यात आलं की मयत इसम स्वतः लावलेल्या फाशाजवळ बेकायदा शिकार करताना मेला. वाघानं माणूस मारला तर घरच्यांना सरकारकडून मदत मिळायची, पण शिकाऱ्याच्या घरच्यांना ती नव्हती. जंगल खात्याचे साहेब वाईट नव्हते. त्यांनी बिजलीबाईला खुर्चीवर बसवून नियम वाचून दाखवला. तिला नियमातला एकच शब्द कळला, 'शिकारी'.

दिवसकार्याच्या दिवशी तोताराम आबा स्वतः मोहपाड्याला आले. ज्वारीचं पोतं आणलं होतं. झोपडीत वाकून आले, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग हळूच म्हणाले,

"बिजली, तार कोनी दिधी हाई कोठे बोलू नको. बोलनी तरी भुरा काही परत येवाव नही. मी शे ना. तुले उघडं पडू देवाव नही."

रेशमा तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. बिजलीबाईनं पोरीकडं पाहिलं, पोत्याकडं पाहिलं आणि मान हलवली. आबा बोलल्याप्रमाणे वागले, हेही खरं.

तीन पायांची वाघीण जंगलात सोडता येईना. तिला शिकार जमली नसती. ती वर्षभर खात्याच्या रोपवाटिकेतल्या एका पिंजऱ्यात पडून राहिली. मग जळगावच्या आणि धुळ्याच्या काही चांगल्या माणसांनी मिळून एक संस्था काढली. अशा जखमी जनावरांसाठी निवारा बांधायचं ठरलं. जागा कुठं मिळेना, तेव्हा तोताराम आबांनी नाल्याकाठची आपली पडीक जमीन देऊन टाकली. वर्तमानपत्रांत फोटो आले. जळगावला शाल-श्रीफळ झालं. देणग्या आल्या, सरकारचं अनुदान आलं, आणि नाल्याच्या काठानं चांगली उंच, मजबूत जाळी उभी राहिली. त्या जाळीनं वाघीण आत राहिली आणि डुकरं बाहेर. सावखेड्याला पुन्हा कुणी केळीत डुक्कर पाहिलं नाही. ही गोष्ट मोहपाड्यात सगळ्यांच्या ध्यानात आली होती, पण बोलून काय उपयोग, म्हणून कुणी बोललं नाही.

वाघिणीचं नाव आबांनीच ठेवलं. त्यांचं मूळ घराणं तापीकाठचं, मुक्ताबाईच्या देवळाला दरसाल जाणारं. त्यांनी 'मुक्ता' म्हटलं आणि संस्थेच्या सभेतल्या लोकांना ते फार आवडलं. निवाऱ्याचं पाटीवरचं नाव भलं मोठं होतं. मोहपाड्यात त्याला 'वाघवाडा' म्हणत.

आणि आबांनी बिजलीबाईला तिथं कामाला लावलं. झाडलोट, हौद धुणं आणि मांस कापणं.

पहिल्या दिवशी ती घरातून निघाली ती मनाशी ठरवूनच. ती वाघिणीला डोळे भरून बघणार होती, शिव्या घालणार होती, जाळीवर थुंकणार होती. आणि तिथं जाऊन बघते तर एक खंगलेलं जनावर, कापलेला पाय पोटाशी धरून, लोखंडी भिंतीला पाठ लावून बसलेलं. तिनं बिजलीबाईकडं पाहिलं, पण बादलीकडं बघावं तसं. ओळख नाही, राग नाही, काही नाही. बिजलीबाई जाळीपाशी उभी राहून पावरीत जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या देऊन मोकळी झाली. वाघिणीनं कान हलवला आणि दुसरीकडं तोंड केलं. घरी येऊन बिजलीबाई सासूपाशी रडली. म्हणाली, तिला माहीतच नाही. मी कोण, भुरा कोण, तिला काहीच माहीत नाही.

मांस चोपड्याहून टेंपोतून यायचं. म्हशीचं, हाडासकट. मोठ्या सुऱ्यानं त्याचे तुकडे करायचे, लोखंडी परातीत घालायचे, सरकत्या दारातून परात आत ढकलायची आणि दार पाडायचं. वाघीण तीन पायांवर उडत यायची. खाताना तिचा घशातून आवाज निघायचा आणि टेकाडावरून बिजलीबाईनं ऐकला होता तो हाच आवाज होता. पहिले काही महिने ती परात ढकलून कानात बोटं घालायची. मग हात मांसानं बरबटलेले असायचे म्हणून तेही सोडून दिलं.

घरी रेशमाला भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा असायचा, आणि इथं हिला रोज मांस. एखादं हाड घरी न्यावं तर तेही चालायचं नाही, हिशेब असायचा. एकदा बिजलीबाईनं कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली फडक्यात बांधून आणली. परातीतल्या सगळ्यात मोठ्या तुकड्याला सुऱ्यानं चीर पाडली. बूच उघडलं. त्या औषधाचा वास नाकात गेला आणि तिला एकदम वाटलं, ही मेली तर उद्या मी कुठं जाणार? पुन्हा आबांच्या दारात? रेशमाची शाळा, तेल-मीठ, सासूचं औषध, हे सगळं या वाघिणीच्या जिवावर चाललं होतं. भुराला मारलं तिनं आणि भुराचं घर चालवायचं तेही तिनंच. बिजलीबाईनं बूच लावलं. बाटली परत नेली आणि शेजारच्या झुलालला देऊन टाकली. त्याच्या कपाशीवर अळी पडली होती.

मुक्ता तशी जगली. वरून सगळं छान होतं. सावलीला कडुनिंब लावले होते, पाण्याचा हौद होता, लोळायला वाळू होती. पण पाण्यात ती कधी उतरली नाही, कारण तीन पायांवर उतरलं की बाहेर येता येत नाही हे तिला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. ती जाळीच्या कडेनं चालायची. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, मग माघारी. तिथं गवत उगवणं बंद झालं आणि जमीन गुळगुळीत झाली. पावसाळ्यात वरच्या जंगलातून वारा आला की थांबायची, नाक वर करायची, आणि मग पुन्हा चालायला लागायची. तुटका पाय कधी विसरून खाली टेकायची आणि कोलमडायची. बघायला आलेली पोरं हसायची. बिजलीबाईला हसू येत नसे. कणवही येत नसे. पोरं हसली की तिला उगाच वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

रविवारी गर्दी व्हायची. धुळ्याच्या, पारोळ्याच्या शाळांच्या सहली यायच्या. पद्मालयाचा गणपती करून मग इकडं. संस्थेनं धुळ्याचे एक निवृत्त मास्तर, सुकदेव सर, व्यवस्थापक म्हणून ठेवले होते. हडकुळे, स्वच्छ, कळकळीचे. वाघिणीवर त्यांचा खरंच जीव होता. जाळीपाशी उभे राहून ते पोरांना गोष्ट सांगायचे.

"मुलांनो, ही मुक्ता जंगलाची राणी होती. एका क्रूर शिकाऱ्यानं तिच्यासाठी तारेचा फास लावला. तिचा पाय गेला. पण निसर्ग न्याय करतो. तो शिकारी तिच्याच पंजाखाली मेला. आणि मग तोताराम आबांसारख्या थोर माणसानं हिला घर दिलं."

पोरं टाळ्या वाजवायची. बिजलीबाई मागं पाचोळा झाडत असायची.

बरेच दिवस तिनं ऐकून घेतलं. एक दिवस सहल गेल्यावर ती सरांसमोर झाडू घेऊनच उभी राहिली.

"सर, तो शिकारी म्हंजे मना मालक."

सुकदेव सरांना खरंच माहीत नव्हतं. ते धुळ्याचे, नंतर आलेले. त्यांचा चेहरा पडला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"बिजलीबाई, मला कुणी सांगितलं नाही हो. माफ करा."

"मंग ते बोलू नका."

"नाही बोलणार," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी 'क्रूर शिकारी' म्हटलं नाही. 'एका अज्ञानी माणसानं' म्हटलं. निसर्गाचा न्याय मात्र तसाच राहिला. ते वाक्य त्यांना सोडवत नसावं. टाळ्या तिथंच पडायच्या.

मग एका हिवाळ्यात रेशमाच्या आश्रमशाळेचीच सहल आली. पोर आता बारा-तेराची झाली होती. वाघवाडा तिला नवा नव्हता, पण मांस कापायच्या खोलीपलीकडं बिजलीबाईनं तिला कधी येऊ दिलं नव्हतं, आणि बाप वाघानं मारला यापलीकडं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती वर्गाबरोबर रांगेत उभी राहिली, गोष्ट ऐकली, आणि तिच्या शेजारच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या. संध्याकाळी शाळेत कुणीतरी मोहपाड्याचंच पोरगं तिला म्हणालं, तुझाच बाप तो. त्या शनिवारी ती घरी आली ती चुलीपाशी येऊन बसलीच नाही. दारातच उभी राहिली.

"माय, बा शिकारी व्हता का?"

"कोनी सांगं तुले?"

"बठ्ठा सांगतस. मी टाळ्या वाजाड्यात, माय."

बिजलीबाईनं तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि पोरीला सगळं सांगितलं. तारांचं भेंडोळं, आबांचे शब्द, ज्वारीचं पोतं. आपण मान हलवली तेही सांगितलं. रेशमा ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "मंग तू इतला दिन काबं नही बोलनी?" त्याला बिजलीबाईपाशी उत्तर होतं, पण पोरीला ते सांगण्यासारखं नव्हतं. पोरीच्याच पोटासाठी गप्प बसलो, हे पोरीला कसं सांगायचं?

ऑक्टोबरात वन्यप्राणी सप्ताह आला. निवाऱ्याला पाच वर्षं झाली होती, म्हणून मोठा कार्यक्रम ठरला. मंडप, लाउडस्पीकर, जळगावहून पाहुणे. आबांचा सत्कार होता. दोन दिवस आधी सुकदेव सर बिजलीबाईला शोधत आले. त्यांचे डोळे चमकत होते.

"बाई, तुमचाही सत्कार करायचं ठरवलंय. माझीच कल्पना. जिनं नवरा मारला तिलाच तुम्ही मायेनं जेवू घालता. अशी क्षमा कुणी पाहिलीय? लोकांना हे कळलं पाहिजे. तुम्हाला माणसं देवासारखी मानतील."

"मी कोठे क्षमा करी?" बिजलीबाई म्हणाली. "मी चाकरी करस."

सर हसले. विनय आहे असं समजले. "दोन शब्द बोला फक्त. तुमच्या बोलीत बोला, चालेल."

कार्यक्रमाच्या दिवशी तिला नवं हिरवं लुगडं नेसवून पहिल्या रांगेत बसवलं. रेशमा मागं शाळेच्या पोरींत होती. भाषणं झाली. आबांना शाल घातली. मग सुकदेव सरांनी बिजलीबाईची गोष्ट सांगितली आणि ती इतकी छान सांगितली, की पुढं बसलेल्या जळगावच्या बायकांनी डोळे पुसले. बिजलीबाईलाच ती बाई कोण ते ओळखता येईना. तिला वर बोलावलं, नारळ दिला, फोटो काढला आणि माईक तोंडासमोर धरला.

तिनं नारळ डाव्या हातात घेतला. मग म्हणाली,

"मना मालक शिकारी नही व्हता. तो आबाना मजूर व्हता. आबाना केळीमा डुकरं शिरेत म्हनीसन त्यानी तार लायेल व्हती. तार आबानीच दिधी. मी क्षमा नही करी. वाघीनले काय समजस? तिले काय क्षमा करानी?"

मंडपाचे पडदे फडफडल्याचा आवाज येत होता. मागं मोहपाड्याची माणसं उभी होती, ती उभीच राहिली. सुकदेव सर माईक परत घ्यायला पुढं झाले, पण त्यांचा हात मध्येच थांबला. सगळे आबांकडं बघत होते.

तोताराम आबा उठले. सावकाश आले. खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि बिजलीबाईच्या हातात ठेवली. माईक घेतला तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता, हे बिजलीबाईला इतक्या जवळून दिसत होतं.

"बाई खरं बोलतेय," आबा शुद्ध भाषेत म्हणाले. "ती तार माझी होती. मुक्ताचा पाय गेला तो माझ्यामुळं. भुरा गेला तोही माझ्यामुळं. ही जमीन मी दान नाही दिली. प्रायश्चित्त म्हणून दिली. आज या बहिणीनं माझ्या मनावरचा धोंडा उतरवला."

आणि ते खाली वाकले. बिजलीबाईच्या पायांना हात लावला.

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. माणसं उभी राहिली. जळगावचे पाहुणे आबांना मिठी मारून गेले. बिजलीबाई एका हातात नारळ, एका हातात शाल घेऊन मध्येच उभी होती. तिला ढकलून कुणीतरी बाजूला केलं, कारण फोटोवाल्याला आबा दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आलं, 'प्रायश्चित्तातून उभा राहिला निवारा.' निवाऱ्याला कधी नव्हे एवढ्या देणग्या आल्या.

चार दिवस थांबून बिजलीबाई आबांच्या वाड्यावर गेली. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"आबा, आते खात्याना साहेबले बी सांगा. कागदवर शिकारी लिखेल शे, ते काढी टाका."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. त्या दिवसाचा भरलेला आवाज आता नव्हता.

"बिजली, स्टेजवर बोलनं येगळं, कागदवर येगळं. कागदवर उनं म्हंजे केस व्हई. मना पोऱ्या शेतस, नातू शेतस. लोकेसमोर मी तुना पाय धरा ना? आखो काय पाहिजे तुले?"

तिला आणखी काय पाहिजे ते तिनं आताच सांगितलं होतं. चहा न पिता ती उठली. वाटेत तिच्या मनात आलं, इतकी वर्षं तिच्यापाशी एक गोष्ट होती, दाबून ठेवलेली, जड. तीही आबांनी नेली. आता तीही त्यांच्याच पुण्याईत जमा झाली.

सुकदेव सरांनी गोष्ट बदलली. आता ते पोरांना चूक, पश्चात्ताप आणि क्षमा यांबद्दल सांगायचे. त्यात आबा होते, मुक्ता होती, क्षमा करणारी बाई होती. भुरा कुठंच नव्हता. 'एक मजूर दगावला' एवढंच यायचं. बिजलीबाईनं सरांना पुन्हा काही सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुक्तानं खाणं सोडलं. पहिल्या दिवशी परात तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी बिजलीबाईनं मांस बारीक करून दिलं, तरी तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. धुळ्याचे डॉक्टर आले, सुया दिल्या. म्हणाले, मूत्रपिंडं गेली आहेत, वयही झालंय. वाघीण कडुनिंबाच्या सावलीत आडवी पडून राहिली. माश्या बसू लागल्या. बिजलीबाई जाळीच्या बाहेरून लांब बांबूला फडकं बांधून माश्या हाकलायची. का हाकलते, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. काम संपलं होतं आणि घरी जायला अजून वेळ होता, म्हणून हाकलायची.

या दिवसाची तिनं कितीदा वाट बघितली होती. ही मरेल तेव्हा आपण मोहपाड्यात ढोल वाजवायला लावू, असं एके काळी ती सासूला म्हणाली होती. मुक्ता दुपारी गेली. पोट वर-खाली व्हायचं थांबलं एवढंच. बिजलीबाईनं सुकदेव सरांना हाक मारली, सुरा धुतला आणि हौदातलं पाणी सोडून दिलं.

नियमाप्रमाणे साहेबांच्या समोर वाघिणीला जाळायचं होतं. चिता रचली. आबांनी हार घातला. शाळेची पोरं आणली होती, ती रडली. सुकदेव सरही रडले, मनापासून, लहान मुलासारखे. भुराला घाणेरीच्या जाळीपाशी दुपार उलटेपर्यंत ठेवलं होतं, आणि मग चिरफाड करून गोणपाटात बांधून दिलं होतं. त्याच्यावर घालायला फुलं नव्हती. मोहाचीच चार फुलं टोपलीत होती, ती बिजलीबाईनं टाकली होती. चितेचा धूर केळीवर पसरत गेला. ती शेवटपर्यंत थांबली नाही.

"बिबट्याची पिल्लं येणार आहेत," सर दुसऱ्या दिवशी म्हणाले. "तुमची जागा कायम आहे, बिजलीबाई."

"नको सर."

"का हो? मी आबांशी बोलतो, पगार..."

"नको," ती म्हणाली. सरांवर तिचा राग नव्हता. फक्त तिथं उभं राहवत नव्हतं.

पुढची दोन-तीन वर्षं बिजलीबाईनं मिळेल ती मजुरी केली, आणि त्यातच सासूही गेली. रेशमा दहावी झाली आणि तिला धुळ्याला परिचारिकेच्या शिक्षणाला जागा मिळाली, तेव्हा बिजलीबाईनं झोपडी झुलालच्या घरच्यांकडं सोपवली आणि तीही धुळ्याला गेली. एका मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. दिवसभर भाकरी थापायच्या, भांडी घासायची, पोरींना वाढायचं. तिथं ताईबाई म्हणून एक बाई होती, तीही विधवा. दोघींचं चांगलं जमलं. एक दिवस भाजी निवडता निवडता ताईबाईनं विचारलं, "तुझा मालक कशानं गेला गं?"

"तापानं," बिजलीबाई म्हणाली.

ताईबाई हळहळली. आपलाही तापानंच गेला, म्हणाली. मग दोघी तापाबद्दल बोलत बसल्या. डॉक्टर वेळेवर मिळत नाहीत, पावसात रस्ते बंद असतात. बिजलीबाईनं भुराच्या तापाची सगळी हकिकत सांगितली. शेवटी शेवटी त्यानं पाणी मागितलं, आणि 'बिजली' म्हणून हाक मारली.

रेशमा रविवारची भेटायला आली होती. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. ताईबाई पाणी आणायला उठून गेल्यावर ती आत आली आणि आईसमोर बसली.

"माय, खोटं काबं सांगस तू?"

"खरं सांगीसन देखं मी," बिजलीबाई म्हणाली आणि मेथीची पुढची जुडी उचलली. संध्याकाळी पोरी जेवायला यायच्या होत्या आणि अर्धी भाजी अजून निवडायची राहिली होती.